नापास व्हायलाच हवी होती

ही गोष्ट १९९७ सालची. तेव्हा संगणकावर संध्याकाळी कापडी झूल घालायची पद्धत होती. थंडी त्याला वाजते की धूळ त्याला बाधते याबद्दल दुमत होतं, पण झूल घालण्याबद्दल नव्हतं. आणि संगणकाचं काही बिघडलं तर दोष शेवटचा हात लावणाऱ्याचा, हा नियम तर अजूनही आहे.

एका सॉफ्टवेअर कंपनीत चुका शोधणारा टेस्टिंग विभाग म्हणजे एकट्या काकू. त्यांचं टेबल, टेबलाशेजारचं दार न लागणारं कपाट आणि काकू, एवढाच विभाग. वय त्रेचाळीस. पण नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी कुणीतरी "काकू, जरा बाजूला सरकता?" म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. साहेब त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठे, तेसुद्धा "काकू" म्हणत. काकूंना हे फार लागायचं. पन्नाशी उलटलेल्या माणसाने आपल्याला काकू म्हणावं आणि आपण त्याला "साहेब" म्हणावं, यात गणित कुठेतरी चुकलंय असं त्यांना रोज वाटे.

त्या वर्षी कंपनीने एका रक्त तपासणी केंद्रासाठी सॉफ्टवेअर बनवलं होतं. रक्त घ्यायचं, तपासायचं, निकाल टाइप करायचा आणि प्रत्येकाचा अहवाल आपापल्या जागी फाइल करून ठेवायचा. केंद्र सकाळी चाले आणि संध्याकाळी चाले. दोन्ही वेळा क्रमांक एकपासून सुरू. म्हणजे सकाळचा बारा नंबर वेगळा, संध्याकाळचा बारा नंबर वेगळा. एकाचं फोल्डर सकाळ, दुसऱ्याचं संध्याकाळ.

साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "शुक्रवारी डॉक्टरबाई सॉफ्टवेअर ताब्यात घ्यायला येणार. आणि त्यांना ते दोन्ही मशीनवर हवंय. काकू, तुमच्या सगळ्या टेस्ट दोन्हीकडे चालल्या पाहिजेत. पास झाल्या की दाखल्यावर तुमची सही. आणि नाही जमलं तर..." साहेब दयाळूपणे हसले. "पुढे फोन घ्यायला कुणीतरी हवंच आहे आपल्याला."

पुढे म्हणजे दारात, रिसेप्शनवर. सोळा वर्षं चुका शोधण्यात घालवलेल्या बाईने "नमस्कार, कोण हवंय?" म्हणत बसायचं. काकूंचे कान तापले.

"जमेल," त्या म्हणाल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला.

आता ही दोन मशीनं म्हणजे काय ते सांगायला हवं. बाहेरच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या टेबलावर होती ती साधी, रंगीत पडद्याची. आणि आत काचेच्या खोलीत होतं ते मोठं, काळं, गुरगुरणारं. त्याच्यासाठी एसी होता. माणसांसाठी पंखा होता, तोही एक नंबरवरच फिरे. या दोन मशीनचं सगळ्या बाबतीत जमे, फक्त पत्त्यांवरून बिनसे. फाइल कुठे ठेवलीय याचा पत्ता बाहेरच्या मशीनवर एका अक्षराने सुरू होई, मग डावीकडे कललेली तिरकी रेघ, मग फोल्डर, पुन्हा रेघ, मग फाइल. आतल्या मशीनला ते सुरुवातीचं अक्षर मान्य नव्हतं आणि रेघ उजवीकडे कललेली हवी होती. तेवढ्यासाठी ते समोरची फाइलसुद्धा ओळख देत नसे. घरात अशी माणसं असतात. हाक नीट मारली नाही म्हणून ओ देत नाहीत.

काकूंच्या साऱ्या टेस्ट, म्हणजे सॉफ्टवेअरला विचारायचे प्रश्न आणि त्यांची बरोबर उत्तरं, बाहेरच्या मशीनवर लिहिलेल्या. आत नेल्या तर एकूण एक नापास. सॉफ्टवेअर चुकत होतं म्हणून नव्हे, तर "अहवाल सापडत नाही" म्हणून. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

"त्यात काय," साहेब म्हणाले, "सगळ्या टेस्ट पुन्हा लिहा आतल्यासाठी. हाताने. होईल, होईल."

"आणि उद्या एक टेस्ट बदलली की दोन्हीकडे बदलू? मी टेस्टर आहे साहेब, पाढे लिहिणारी नाही. इकडचे पत्ते तिकडच्या भाषेत आपोआप नेणारा छोटा प्रोग्राम लिहिते. आपला एक दुभाषा."

"तुम्ही? प्रोग्राम?" हे बोलला तो सॉफ्टवेअर लिहिणारा तरुण. त्याला ऑफिसात सगळे जावईबापू म्हणत, कारण तो रुसू नये म्हणून जो तो जपे. "काकू, माझ्या मशीनवर सगळं नीट चालतंय."

"मग तपासणी केंद्र तुमच्या मशीनसमोर मांडायला सांगू का डॉक्टरबाईंना?"

अशा रीतीने काकूंनी पायावर धोंडा मारून घेतला, आणि तो धोंडा त्यांनी स्वतः निवडून, उचलून आणला होता.

पहिला अडसर आतल्या मशीनचा. त्याची देखभाल करणारा गृहस्थ काचेच्या दाराशी स्वेटर घालून बसे. नाव द्वारपाल. काकूंना आत एक फोल्डर उघडायचं होतं.

"परवानगीचा अर्ज करावा लागेल," द्वारपाल म्हणाला.

"करते. कुठे द्यायचा?"

"आतल्या मशीनवर 'अर्ज' म्हणून फोल्डर आहे, त्यात ठेवायचा."

"ठेवते. पण आतल्या मशीनवर मला ठेवता येतं का काही?"

"नाही. त्यालाच तर परवानगी लागते."

काकूंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर विनोदाचा लवलेश नव्हता. मागे कुणाला परवानगी मिळाली होती का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "अजून कुणाचे अर्जच आले नाहीत." शेवटी काकूंनी खुर्ची आणली आणि काचेच्या दारासमोर ठाण मांडलं. डबा तिथेच खाल्ला. डबा संपवून त्या मोठ्या आवाजात घरच्या गोष्टी सांगू लागल्या, तेव्हा द्वारपालाने उठून फोल्डर उघडून दिलं.

दुभाष्याची पहिली आवृत्ती काकूंनी मोठ्या उमेदीने चालवली. तिचं काम सोपं होतं: दिसेल ती तिरकी रेघ उलटी करायची. तिने ते इमानेइतबारे केलं. पत्त्यांतल्या रेघा उलटल्या, तारखांमधल्याही उलटल्या, आणि रक्तातली साखर ज्या मापात लिहितात त्या मापामधलीसुद्धा. उलट्या रेघा बघून आतलं मशीन तारखांनाही ओळख देईना आणि साखरेलाही.

दुसरी आवृत्ती शहाणी निघाली. ती तारखांना हात लावीना. पण काकूंचा एक नियम होता: टेस्ट झाली की आपला कचरा आपण पुसायचा. त्या कचऱ्याच्या फोल्डरचं नाव दोन शब्दांचं, पहिला 'मन', मधे मोकळी जागा. दुभाष्याला वाटलं, जागा आली म्हणजे पत्ता संपला. पुसणारा प्रोग्राम अर्धाच पत्ता घेऊन निघाला आणि त्या अर्ध्या पत्त्यावर जे कोणी राहत होतं ते साफ करून आला.

दुपारी साहेब काकूंच्या टेबलाशी येऊन घुटमळले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "काकू, ते... तिथे 'मन' नावाचं एक फोल्डर होतं."

"कुणाचं?"

"असंच. कुणाचंतरी. त्यात काही... ओळी होत्या."

"हिशेबाच्या?"

"नाही हो." साहेब लाल झाले. "जमत होत्या अशातल्या."

साहेब कविता करतात हे काकूंना त्या क्षणी कळलं, आणि कंपनीत पहिल्यांदाच त्यांना साहेबांची दया आली. कविता परत आल्या नाहीत. साहेबांना तक्रारही करता येईना, कारण तक्रार करायची म्हणजे कविता होत्या हे कबूल करायला हवं. पण त्या दिवसापासून त्यांच्या आवाजाला धार आली.

संध्याकाळी काकू घरी आल्या त्या धुमसत. यजमान वर्तमानपत्रात होते. सासूबाई शेंगा सोलत होत्या. आणि समोर, स्वतःच्या घरात पंखा चालत नाही म्हणून यांच्या पंख्याखाली, शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर बसले होते.

"काय झालं वहिनी? चेहरा का असा?"

काकूंनी नको तितकं सांगितलं. 'पत्ता' हा शब्द ऐकला मात्र, पोस्टमास्तर खुर्चीत पुढे सरकले. निवृत्तीनंतर कुणी त्यांना त्यांच्या विषयातलं विचारलं नव्हतं.

"अहो, पत्ते माझ्याएवढे कुणी पाहिलेत? वहिनी, तुमची चूक कुठे होतेय सांगू? तुम्ही सबंध पत्ता वाचताय. सबंध पत्ता कुणी वाचत नाही. देश, शहर, पेठ, गल्ली, ही सगळी शोभा. माणूस शेवटी कुठे राहतो? घरात! शेवटचं तेवढं बघायचं. दोन्ही पत्त्यांत शेवटचं जुळलं ना? मग जुळलं!"

"आमची पत्रं तुमच्या काळात शेजारी का जायची ते आज कळलं," सासूबाई शेंगेतून मान वर न करता म्हणाल्या.

"मावशी, ते पोस्टमनचं काम. मी मास्तर होतो."

यजमान वर्तमानपत्रामागून म्हणाले, "ऐकून बघ की. अनुभवी माणूस आहे."

एरवी काकूंनी ऐकलं नसतं. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि ही काडी तर स्वतःहून खुर्चीत बसून बोलत होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुभाष्याला नवं शिकवलं: अपेक्षित पत्ता घे, सापडलेला पत्ता घे, दोन्हींचं आधीचं सगळं कापून टाक आणि फक्त शेवटचं नाव ताडून बघ. अक्षराचा प्रश्नच नाही, रेघेचा प्रश्नच नाही!

टेस्ट सुरू केल्या. आतल्या मशीनच्या पडद्यावर एकेक ओळ हिरवी, म्हणजे पास, होत गेली. लाल एकही नाही. द्वारपाल स्वेटरसकट उभा राहिला. जावईबापू म्हणाला, "मी म्हणत नव्हतो?" साहेबांनी केक मागवला. केकवर काकूंचं नाव लिहायचं ठरलं, पण खरं नाव कुणाला आठवेना, म्हणून 'काकू' असंच लिहून आणलं.

काकूंनी सुरी हातात घेतली. सहज पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात थांबला. शेवटची ओळ हिरवी होती.

काकूंची एक जुनी खोड होती. टेस्टच्या प्रत्येक संचात त्या एक टेस्ट मुद्दाम चुकीची लिहीत. तिला त्या द्वाड म्हणत. इथल्या द्वाड टेस्टमध्ये सकाळच्या माणसाचा अहवाल जाणूनबुजून संध्याकाळच्या फोल्डरात ठेवलेला होता आणि "बरोबर आहे ना?" असं विचारलेलं होतं. तिने नापासच व्हायचं. ती नापास झाली की काकू निर्धास्त. चूक ओळखणारं कुणीतरी जागं आहे एवढं कळे. आणि आज द्वाडसुद्धा पास झाली होती.

"कापा ना," साहेब म्हणाले.

"नाही. हे सगळं खोटं आहे."

"केक?"

"टेस्ट! ही नापास व्हायलाच हवी होती."

मग सगळे एकदम बोलायला लागले. केक शेवटी जावईबापूने कापला.

चूक काकूंच्या ध्यानात चटकन आली. बारा नंबरचं घर प्रत्येक गल्लीत असतं. शेवटचंच बघायचं म्हटलं तर सकाळचा बारावा आणि संध्याकाळचा बारावा एकच. त्यांनी दुभाष्याला पुन्हा सबंध पत्ता वाचायला लावला, सुरुवातीचं अक्षर, रेघा, मोकळ्या जागा, सगळ्यांची नीट घडी बसवून, आणि टेस्ट पुन्हा सोडल्या. द्वाड नापास झाली. काकूंनी हुश्श केलं. पण तिच्या पाठोपाठ संध्याकाळच्या टेस्ट एकेक करून लाल व्हायला लागल्या. या काही मुद्दाम चुकवलेल्या नव्हत्या. आतल्या मशीनवर सॉफ्टवेअर सकाळ-संध्याकाळ हे फोल्डरच विसरत होतं. दोन्ही वेळांचे अहवाल एकाच जागी टाकत होतं, संध्याकाळचा एक नंबर सकाळच्या एक नंबरवर. धडधाकट माणसाला आजाऱ्याचा निकाल आणि आजारी माणसाला "काही झालेलं नाही, घरी जा".

"मघापर्यंत हिरवं होतं," जावईबापू म्हणाला. "तुम्ही काहीतरी बिघडवलंत."

घरी तर याहून पंचाईत. "पास झालं म्हणून रडणारी बाई मी पहिल्यांदाच बघतोय," यजमान म्हणाले. पोस्टमास्तर आत येताच "मग? जुळलं की नाही?" म्हणाले आणि काकूंनी पंखा बंद केला. काकूंचं खरं दुखणं कळलं फक्त सासूबाईंना.

"म्हणजे थर्मामीटर उकळत्या चहात बुडवला तरी तो अठ्ठ्याण्णवच दाखवत होता," सासूबाई म्हणाल्या, "आणि तुझे साहेब पेढे वाटत होते की घरात कुणाला ताप नाही."

"केक होता, आई."

"तेच ते. तू सही करणार आहेस?"

"नाही."

"मग आता जेव."

गुरुवारी साहेबांनी दाखला काकूंसमोर ठेवला आणि वर पेन ठेवलं.

"काकू, एकदा सगळं पास झालंय. तीच यादी जोडू. त्या एका टेस्टचा एवढा त्रास होत असेल तर ती काढून टाका."

"थर्मामीटर फोडून ताप उतरत नाही, साहेब."

"फोडायला कोण सांगतंय? फक्त बाजूला ठेवा. डॉक्टरबाईंना देऊ, मग मागाहून दुरुस्त करू. होईल, होईल."

"मधल्या दिवसांत ज्याचा अहवाल बदलेल त्यालाही सांगा, होईल होईल म्हणून."

"तुम्ही स्वतःला समजता कोण?" साहेबांचा आवाज चढला. पुसलेल्या कविता त्या आवाजात होत्या. "सोमवारपासून तुम्ही पुढे बसा. फोन घ्या!"

"घेते. फोनवर खोटं बोलायला कुणी सांगणार नाही ना, तेवढं बघा." आणि काकूंनी साहेबांचं पेन टोपण लावून त्यांच्या खिशात परत खोचलं.

शुक्रवारी डॉक्टरबाई आल्या. ठेंगण्या, चष्मेवाल्या, कमी बोलणाऱ्या. साहेबांनी काकूंना कोपऱ्यात, कपाटामागे बसवलं होतं. साहेबांचं भाषण झालं. जावईबापूने बाहेरच्या मशीनवर सॉफ्टवेअर दाखवलं. तिथे ते मक्खनसारखं चाललं. चहा आला.

"तपासलं कुणी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आमच्या काकूंनी. सगळ्या टेस्ट पास!"

"दाखल्यावर सही दिसत नाही."

"होईल की."

"काकू कोण?"

कपाटामागून काकू उठल्या. उठताना कपाटाचं न लागणारं दार कपाळाला लागलं, पण अशा वेळी कपाळ चोळत बसायचं नसतं.

"मी. आणि मी सही केलेली नाही. आतल्या मशीनवर दोनच मिनिटं बसा, मग तुम्हीच सांगा करू की नको."

साहेब मधे आले. "काकू, पाहुण्यांसमोर..."

"बसते," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि चपला काढून काचेच्या खोलीत शिरल्यासुद्धा. द्वारपालाने अर्ज मागितला नाही. उलट स्वतःचा स्वेटर काढून पाहुण्यांना दिला.

"उदाहरणाला कुणाचं नाव घेऊ?" काकूंनी विचारलं. "साहेब, सकाळचा पहिला मान तुमचा." त्यांनी टाइप केलं: पुरुष, वय एक्कावन्न, साखर अंमळ जास्त. "संध्याकाळची पहिली कुणाला घेऊ? आमच्या सासूबाईंनाच घेते." स्त्री, वय अठ्ठ्याहत्तर, साखर उत्तम. "आता सकाळचा एक नंबर छापा, डॉक्टरबाई."

छपाईयंत्र करकरलं. कागदावर सगळ्यात वर साहेबांचं नाव आलं, कारण नाव सॉफ्टवेअर दुसरीकडून घेत असे. बाकीचं सगळं फाइलमधून.

डॉक्टरबाईंनी चष्मा वर केला आणि सावकाश वाचलं. "साहेब, तुमचं वय अठ्ठ्याहत्तर. आपण स्त्री आहात. साखर मात्र फारच छान आहे, ती तशीच ठेवा."

द्वारपाल हसला. तो हसतो हे त्या दिवशी कळलं. जावईबापूने "माझ्या मशीनवर..." एवढं म्हटलं आणि पुढचं गिळलं. डॉक्टरबाईंनी स्वेटर परत दिला, चपला घातल्या आणि दारातून म्हणाल्या, "या बाई सही करतील त्या दिवशी कळवा. दुसऱ्या कुणाची चालणार नाही."

साहेबांनी शब्द पाळला. सोमवारी काकूंना खरंच पुढे बसवलं. मान ताठ ठेवून त्या बसल्या. त्यात एक गोष्ट साहेबांच्या लक्षात आली नव्हती: फोन आता काकूंच्या टेबलावर होता. तपासणी केंद्रातून दर दोन दिवसांनी फोन येई, "काकूंनी सही केली का?" आणि काकू अदबीने म्हणत, "नमस्कार. विचारून सांगते. नाही केली." महिनाभरात साहेबांनी त्यांना निमूटपणे कपाटाशेजारी परत नेलं. मग जावईबापूने फोल्डर दुरुस्त केलं, द्वाड सोडून सगळ्या टेस्ट दोन्ही मशीनवर पास झाल्या आणि काकूंनी सही केली. चांगली मोठी, पूर्ण नावाची. ते नाव ऑफिसात बऱ्याच जणांनी तेव्हाच वाचलं.

पुढे जावईबापू परदेशी गेला. तिथे त्याच्या हाताखाली टेस्टिंगची बरीच माणसं आहेत आणि तो त्यांना फार छळतो असं ऐकलं. द्वारपालाचं आतलं मशीन भंगारात गेलं तेव्हा तो रजा घेऊन घरी बसला. पोस्टमास्तर शेवटपर्यंत सांगत राहिले की त्यांच्या एका सल्ल्याने कंपनी वाचली. साहेबांनी निवृत्तीनंतर कवितांचं पुस्तक काढलं. काकूंना एक प्रत पाठवली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'हयात असलेल्या कविता'. काकूंनी ती सगळी वाचली आणि त्यांतल्या सात पास केल्या. सासूबाई ब्याण्णवाव्या वर्षी गेल्या, शेवटपर्यंत साखर उत्तम. यजमान अजून वर्तमानपत्रात आहेत.

आणि काकू? त्या आता खरंच काकू म्हणण्याच्या वयाच्या झाल्या आहेत. परवा त्यांनी दाराला नवं कुलूप बसवून घेतलं. कारागिराने किल्ली फिरवली, कुलूप खट्‌कन उघडलं. "बघा काकू, एकदम फर्स्ट क्लास!"

"ते झालं. आता शेजारच्यांची किल्ली घे आणि कुलूप उघडत नाही ते दाखव."

"अहो काकू, शेजारच्यांच्या किल्लीने आपलं कुलूप कसं उघडेल?"

"तू लाव तर."

तो हसला. समजूत घालायची म्हणून त्याने शेजारून किल्ली आणली, लावली, फिरवली.

उघडलं.